अडू देणारे पुस्तक

हुशार मुलाला गणित शिकवणे सोपे असते, असा समज घरोघरी आढळतो. मूल भराभर समजून घेते, पानामागून पान संपवते, पाहुण्यांसमोर पाढे म्हणून दाखवते. मग अडचण ती कसली? यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा येथील एका कुटुंबाला गेल्या दोन वर्षांत या समजाची दुसरी बाजू पाहावी लागली. त्या घरातील नातवासाठी गणिताचे पुस्तक निवडण्याचा साधा प्रश्न हळूहळू किती खोल गेला, त्याची ही हकिगत. आज अनेक घरांतून असाच प्रश्न उभा असल्याने ती इतरांनाही उपयोगी पडावी.

घर कापसाच्या अडतीचे. आजोबांनी, म्हणजे घरच्यांच्या आबाजींनी, सारा जन्म कापूस, रुई आणि सरकीच्या हिशेबात घालवला. मुलगा एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे हिशेब पाहतो. सून वनस्पतिशास्त्राची पदवीधर. नातू पहिलीचे वर्ष संपवून बसला तेव्हा साडेसहा वर्षांचा होता. दुकानातील वजनकाट्याशी खेळता खेळता तो दोन अंकी बेरजा तोंडी करू लागला होता आणि शेजारच्या मुलाचे दुसरीचे पुस्तक त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच वाचून काढले होते. वर्गात बाईंचा प्रश्न पुरा होण्याच्या आत तो उत्तर सांगून टाकी आणि उरलेला वेळ इतरांच्या पाट्या पुसण्यात घालवी. शेवटी त्याच्या वर्गशिक्षिकांनीच आईला बोलावून सांगितले, "ताई, तो खोडकर नाही, रिकामा आहे. पंचेचाळीस मुलांत त्याच्यासाठी वेगळे काही करणे मला जमत नाही. तुम्हाला घरी जमले तर पाहा."

त्या बोलण्यात तक्रार नव्हती, आपुलकी होती. म्हणूनच घरच्यांनी ते मनावर घेतले आणि २०२४ च्या जूनपासून दोन वर्षे मुलाला घरीच शिकवायचे ठरवले. नातेवाइकांनी भुवया उंचावल्या. "शाळा सोडवली? कायद्यात बसते का?" असे प्रश्न आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. मात्र त्यासाठी पालकांना दंड वा शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याविषयी कायदा वेगळे काही बोलत नाही. मध्येच शाळेत येणाऱ्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसवण्याची सोय त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षाही उपलब्ध आहेत. परतीचा रस्ता उघडा आहे याची खात्री झाल्यावरच कुटुंबाने पाऊल उचलले.

ही खात्री किती महत्त्वाची, हे मुंबईच्या मालविका जोशी हिच्या उदाहरणावरून त्यांना ठाऊक होते. सातवीनंतर आईने तिची शाळा थांबवली आणि घरी शिकताना ती संगणकीय प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले आणि २०१६ साली सतराव्या वर्षी तिला अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळाला. मात्र बारावीची परीक्षा दिलेली नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद होते. वृत्तपत्रांतील ती बातमी वाचून अनेकांना फक्त एमआयटी दिसली. दारव्ह्याच्या सुनेने त्यातले बंद दारही ध्यानात ठेवले.

आता पुस्तकाचा प्रश्न आला. इतर विषयांची विशेष चिंता नव्हती; भाषा घरात होती, परिसर अंगणात होता. गणितात मात्र प्रत्येकाचे मत वेगळे निघाले.

पहिला पर्याय बालभारतीचा. पुण्यातील ही संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या तिच्याच पुस्तकांवर वाढल्या. पुस्तके स्वस्त, मराठीत, आणि संगणकावर विनामूल्य उपलब्ध. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून राज्यभर मोठा वाद झाला होता, तो घरातील सर्वांना आठवत होता. ‘एकवीस’, ‘बावीस’ या रूढ नावांसोबत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन त्या पुस्तकात दिले गेले आणि चर्चा विधानसभेपर्यंत पोहोचली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका साधी होती. मराठीत बोलताना आधी एकक येते आणि मग दशक. लिहिताना मात्र आधी दशक येते. ‘त्रेसष्ट’ ऐकणारे मूल पहिल्यांदा तीन ऐकते, म्हणून ३६ लिहून बसते. जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांना जड जातात, त्यांना एक पायरी द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पांढरकवड्यापलीकडे तेलंगणात गेले की तेलुगू मुले एकवीसला ‘वीस एक’ याच क्रमाने म्हणतात, हे सीमेजवळ व्यापार केलेल्या आबाजींना चांगले ठाऊक होते. नातवाला या पायरीची गरज नव्हती, पण त्याच्यासमोर दोन्ही वाचने ठेवली तेव्हा त्याने विचारले, "एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" मराठी संख्यानामांत वजाबाकी लपलेली आहे, हे घरातल्या मोठ्यांच्या तोपर्यंत लक्षातच आले नव्हते.

दुसरा पर्याय एनसीईआरटीचा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर त्यांच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांत मासेमारी, विटा, बाजार अशा प्रत्यक्ष जगण्यातल्या गोष्टी आल्या. अलीकडे पहिली-दुसरीसाठी ‘जॉयफुल मॅथेमॅटिक्स’ आणि तिसरीसाठी ‘मॅथ्स मेला’ ही नवी पुस्तके निघाली आहेत. त्यांतली कोडी उत्तम आहेत. अडचण एवढीच की भाषा हिंदी किंवा इंग्रजी, त्यामुळे आईला प्रत्येक प्रश्न आधी मराठीत आणावा लागे.

तिसरा पर्याय मुलाच्या मावशीने सुचवला. तिच्या ओळखीची काही कुटुंबे सिंगापूरच्या पद्धतीने शिकवतात. सिंगापूरने १९८२ साली आपली प्राथमिक गणिताची पुस्तकमाला काढली. तिचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या विचारावर आहे. आधी वस्तू हाताळायच्या, मग त्यांचे चित्र काढायचे आणि सर्वांत शेवटी अंक व चिन्हे लिहायची, हा तिचा क्रम. तोंडी उदाहरणे सोडवताना राशींच्या जागी लांब-आखूड पट्ट्या काढण्याची त्यांची रीत विशेष प्रसिद्ध आहे. पुस्तके परदेशातून मागवायची तर महाग पडत होती.

चौथा पर्याय मण्यांच्या पाटीच्या, म्हणजे अबॅकसच्या वर्गाचा. बोटे भराभर फिरवून लांबलचक बेरजा करणारी मुले पाहून पाहुणे थक्क होतात, हे त्याचे मोठे आकर्षण. आणि पाचवा पर्याय खुद्द आबाजींचा: पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. "आमच्या वेळी औटकी न येणारा पोरगा दुकानात बसत नसे," असे ते सांगत.

निवड करताना घरच्यांनी एकच कसोटी लावली. कोणत्या पुस्तकाने मूल सर्वांत लवकर पुढे जाईल? त्या वेळी ही कसोटी कोणाला गैर वाटली नाही. बालभारतीचे पुस्तक धरले, त्याला इयत्तेवार एक सराव पुस्तक जोडले आणि भिंतीवर तक्ता लावला. ऑगस्टअखेर दुसरी संपली. दिवाळीपर्यंत तिसरी संपली. चौथीचे सराव पुस्तक सुरू झाले तेव्हा मुलगा सात वर्षांचाही नव्हता. पाठशाळेच्या कार्यक्रमात त्याने तीन अंकी गुणाकार करून दाखवला आणि टाळ्या मिळवल्या. घरात येणारा प्रत्येक जण "काय हुशार आहे हो!" म्हणूनच उंबरा ओलांडू लागला.

कापसाचा हंगाम भरात आला होता. एका संध्याकाळी आबाजींनी नातवाला सहज विचारले, "शंभर किलो, म्हणजे एक क्विंटल कापसातून चौतीस किलो रुई निघते. रुईची एक गाठ एकशे सत्तर किलोची. तर एका गाठीला किती क्विंटल कापूस लागेल?" नातवाने क्षणभरही न थांबता कागद ओढला, गुणाकार मांडला आणि अभिमानाने उत्तर दिले: पाच हजार सातशे ऐंशी.

गुणाकार अचूक होता. आबाजींना हसू आवरेना. "अरे, दहा टनांचा एक ट्रक धरला तरी हे अठ्ठावन्न ट्रक झाले! एका गाठीला अठ्ठावन्न ट्रक?" सगळे हसले. हसण्यात कुचेष्टा नव्हती. पण मुलगा हसला नाही. त्याने पुन्हा बेरीज करून पाहिली, मग वजाबाकी. ज्या क्रिया त्याला येत होत्या त्या सर्व त्याने एकेक करून लावल्या. गाठीत चौतीस किती वेळा मावतील, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नाही, कारण इतक्या महिन्यांत त्याला असा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळच आली नव्हती. पुस्तकात भागाकाराच्या धड्याखाली भागाकाराचीच उदाहरणे असतात. धड्याचे नाव वाचले की काय करायचे ते कळते.

त्यानंतर तो आबाजींच्या तोंडी गणितांपासून दूर राहू लागला. दुकानात येईनासा झाला. सराव पुस्तकाची पाने मात्र पूर्वीपेक्षाही वेगाने भरत होती आणि सर्व उत्तरे बरोबर येत होती. जानेवारीत आईला एका उदाहरणाचे उत्तर खटकले. तिने स्वतः सोडवून पाहिले तर वेगळेच आले. पुस्तकामागील उत्तरसूचीत पाहिले, तेव्हा छपाईची चूक तिथे होती आणि तीच चूक जशीच्या तशी मुलाच्या वहीत उतरली होती.

आईने त्याला जवळ बसवून विचारले, "हे कसे काढलेस?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, चुकलं असतं तर सगळे म्हणाले असते की मी हुशार नाही."

सत्य हे ज्या घरात व्रत मानले जाते, त्या घरात ही गोष्ट हलकी नव्हती. वडिलांना राग आला. आजी त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. पण शिक्षा काय करायची, यावर बोलता बोलता आबाजीच म्हणाले, "खोटे त्याने लिहिले खरे. पण त्याला ते लिहावेसे वाटले, त्यात आपला काही वाटा आहे का, तेही बघू."

योगायोगाने याच विषयावर एक प्रसिद्ध संशोधन आहे. कोलंबिया विद्यापीठातील क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी ते १९९८ साली प्रसिद्ध केले. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सोपी कोडी घालून त्यांनी काहींना "तू हुशार आहेस" असे म्हटले, तर काहींना "तू चांगली मेहनत घेतलीस" असे. पुढे अवघड कोडी दिली तेव्हा हुशारीची स्तुती झालेली मुले लवकर हिरमुसली. विशेष म्हणजे, दुसऱ्या मुलांना आपले गुण कळवायला सांगितले असता या गटातील जवळजवळ चाळीस टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. मेहनतीची स्तुती झालेल्या गटात हे प्रमाण बरेच कमी होते. आईने हा तपशील वाचून दाखवला तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही.

मुलाला शिक्षा झाली नाही. भिंतीवरचा तक्ता उतरवला गेला. सराव पुस्तक कपाटात गेले. आणि पुस्तक निवडण्याची कसोटी नव्याने ठरवावी लागली. आता प्रश्न असा होता: कोणत्या पुस्तकापाशी हे मूल अडेल, आणि अडल्यावर तिथेच थोडा वेळ थांबायला त्याला आवडेल?

या प्रश्नाच्या शोधात आबाजींना मंदिराच्या ग्रंथालयातील एक जुना ग्रंथ आठवला: महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, हा ग्रंथ संस्कृतात रचला गेला. मद्रासला एम. रंगाचार्य यांनी १९१२ साली तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला आणि पुढे १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह काढला. त्या काळी गणित हे बहुधा ज्योतिषग्रंथाचे एखाददुसरे प्रकरण असे. महावीराचार्यांनी मात्र संपूर्ण ग्रंथ केवळ गणिताला वाहिला. स्वयंपाकापासून संगीत, नाट्य, वास्तू आणि वैद्यकापर्यंत सर्वत्र गणित लागते, असे ते आरंभीच सांगतात. म्हणजे एका अर्थी हे पाठ्यपुस्तकच, आणि उदाहरणे फळे, फुले, मोर, हत्ती यांची.

सात वर्षांच्या मुलाच्या हाती तो ग्रंथ देण्याचा प्रश्न नव्हता. आबाजी आणि आई त्यातून एकेक गोष्ट वेचून काढू लागले. आचार्यांनी काही गुणाकार असे दिले आहेत की उत्तर गळ्यातल्या हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. १३९ गुणिले १०९ केले की १५१५१ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एके ओळीने उभे राहतात: १११११११११ नव्हे, तर नेमके ११११११११. हा दुसरा गुणाकार करताना मुलाचे दोनदा चुकले. पण या वेळी चूक कोणी दाखवून द्यावी लागली नाही. हार वाकडा दिसला की चूक त्याला आपोआप कळे. तिसऱ्यांदा आठ एके जुळले तेव्हा तो कागद घेऊन थेट दुकानात धावला. कित्येक आठवड्यांनी तो दुकानात आला होता.

अपूर्णांकांसाठी आचार्यांचीच एक युक्ती भाकरीवर उतरली. एक पूर्ण वस्तू वेगवेगळ्या आकाराच्या, पण प्रत्येकी ‘इतकावा एक भाग’ अशा तुकड्यांत कशी विभागायची, याची रीत त्यांनी सांगितली आहे. अर्धा, तिसरा आणि सहावा भाग मिळून एक पूर्ण भाकरी होते. आजीने भाकरी कापून दिली आणि मुलाने सिंगापूरच्या रीतीने पट्ट्या काढून ती वहीत उतरवली. पट्ट्यांची ही रीत वापरायला परदेशी पुस्तकांची गरज नाही, हे आईच्या लक्षात आले. तीच रीत घेऊन कापसाचे गणित पुन्हा मांडले गेले: एकशे सत्तरची लांब पट्टी आणि तिच्यात चौतीसचे तुकडे. पाच तुकडे बसले. पाच क्विंटल.

आबाजींच्या पाढ्यांनाही नवे काम मिळाले. दिडकीत बाराला अठरा का, हे मुलगा बारा आणि बाराचा अर्धा मांडून पाहू लागला. पाठांतर राहिले, पण ते समजल्यानंतर आले. अबॅकसचा विचार मात्र मागे पडला. ती कला वाईट म्हणून नव्हे. ज्या मुलाचा वेग आधीच त्याच्या विचारापुढे धावत होता, त्याला आणखी वेगाची निकड नव्हती.

वेळेचे मापही बदलले. पूर्वी पाने मोजली जात. आता आजी सकाळी सामायिकाला बसल्या की मुलगा गणिताला बसे आणि त्यांचे सामायिक संपले की तोही उठे. अठ्ठेचाळीस मिनिटे, एक मुहूर्त. दिवसाचे असे तीस मुहूर्त होतात, हे ऐकून त्याने ४८ गुणिले ३० करून पाहिले आणि आलेले १४४० म्हणजे दिवसाची एकूण मिनिटे आहेत की काय, हे चोवीस आणि साठचा गुणाकार करून पडताळले. पडताळायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

या सगळ्यात एक नाजूक प्रसंगही आला. ‘गणितसारसंग्रहा’त शून्याविषयी असे विधान आहे की संख्येला शून्याने भागले तरी ती जशीच्या तशी राहते. मुलाने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "पाचाला शून्याने भागून पाच उरत असतील, तर पाच गुणिले शून्यसुद्धा पाच यायला हवे. पण ते तर शून्य येतं!" आई गप्प झाली. अकराशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांची चूक सात वर्षांच्या मुलाने दाखवावी, हे आजीला रुचेल का, याचीच तिला चिंता. आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "विचारलंस ते बरं केलंस. गौतमस्वामींनीही भगवंतांना प्रश्नच विचारले." मग आबाजींनी त्याला समजावले की शून्याने भागण्याचा हा प्रश्न शतकानुशतके भल्याभल्यांना चकवत आला. ज्या आचार्यांनी एवढा ग्रंथ रचला त्यांच्याही हातून एक विधान निसटू शकते, आणि त्याने त्यांचे थोरपण उणे होत नाही. चुकल्याने हुशारी संपते या भीतीने ज्याने उत्तरे उतरवली होती, त्या मुलाला दहा उपदेशांनी जे पटले नसते ते या एका गोष्टीने पटले.

अखेर जे ‘पुस्तक’ निवडले गेले, ते असे झाले. कणा बालभारतीचा, कारण भाषा घरची आहे आणि पुढे शाळेतही तेच चालते. त्यातील सोपी उदाहरणे सगळी सोडवायची नाहीत. प्रत्येक प्रकारची दोन पुरेत. आठवड्यातून दोन कोडी एनसीईआरटीच्या पुस्तकांतून. पट्ट्यांची रीत सिंगापूरची. दिडकी-अडीचकी आबाजींची. आणि रोज एक गणित असे, की जे लगेच सुटणार नाही. त्या गणिताला धड्याचे नाव द्यायचे नाही. उत्तरसूची मुलाच्या हाताशीच ठेवलेली असते. उत्तर पाहण्याला बंदी नाही. उत्तर पाहिले तर वाट सांगायची, एवढाच नेम.

मुलांची झेप पाहून त्यांना वरच्या इयत्तेत नेणे चूकच, असे नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली गणितात विलक्षण गती असणाऱ्या मुलांचा प्रदीर्घ अभ्यास सुरू केला. अशा मुलांना पुढचे शिक्षण लवकर देण्याचा त्यांनी पुरस्कारच केला. पण पुढे नेण्याआधी मुलाला अडण्याची सवय आहे का, हे पाहायला हवे. जे मूल सात वर्षांचे होईपर्यंत कधीच अडले नाही, ते पुढे जेव्हा अडेल तेव्हा त्याच्या शेजारी भाकरी कापून देणारी आजी असेलच असे नाही. ही सवय लहानपणी, घरच्या माणसांत लागली तर स्वस्तात लागते.

असे पुस्तक बाजारातून आणण्यासाठी फार खर्च येत नाही. खर्च होतो तो घरातील मोठ्या माणसाचा वेळ, आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प बसण्याचा संयम. दारव्ह्याच्या घरात हा दुसरा खर्च आबाजींना सर्वांत जड गेला, असे सून हसून सांगते.

नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी अशाच एका खेळातून जगाला एक संख्या दिली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करावे. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि मग तीच संख्या येत राहते. ३५२४ घेतले तर आधी ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्या पायरीला ६१७४. कापरेकरांपाशी विद्यापीठातील पद नव्हते. कागद, पेन्सिल आणि एका गोष्टीपाशी रेंगाळण्याची आवड होती. मुलाने गेल्या पावसाळ्यात या खेळासाठी एक स्वतंत्र वही केली. कधी वजाबाकीत हातचा चुकला की संख्या भलतीकडे जाई आणि तो कुरकुर न करता मागे फिरून चूक शोधी.

येत्या जूनअखेर तो शाळेत परत जाईल, वयाप्रमाणे चौथीत. पुस्तकांच्या हिशेबाने पाहिले तर दोन वर्षांपूर्वीच्या वेगाने तो आतापर्यंत सहावीत असता. वर्गशिक्षिकांना आईने सर्व सांगितले आहे. त्याचे झाले की त्याच्याकडून दुसऱ्या मुलांना उत्तरे नव्हे तर रीत सांगून घ्यायची, असे त्यांनी ठरवले आहे. त्याच्या दप्तरात बालभारतीच्या पुस्तकासोबत अडलेल्या गणितांची वहीही जाणार आहे. त्या वहीत सध्या सात गणिते उत्तरावाचून आहेत. शेवटचे असे: कोणत्याही चार अंकांपासून निघाले तरी शेवटी ६१७४ च का येते? ते आबाजींनाही अजून सुटलेले नाही.